दोन खुर्च्यांची चाचणी-प्रत

पुण्याच्या सवय-मापन प्रयोगशाळेत एक भिंतभर पडदा होता आणि त्यावर दिवसभर हिरव्या रेषा चढत असत. एक रेषा म्हणजे कुठल्यातरी घरात नुकताच विकत घेतलेला एक संगणक. रेषा चढत जाऊन वर सपाट झाली, की त्या घरातल्या माणसाला ‘सोबती’ची सवय झाली असं समजायचं. सोबती ही लेखनाची आज्ञावली. प्रत्येक नव्या संगणकाबरोबर ती चाचणी-प्रत म्हणून फुकट येई.

त्या सकाळी डॉ. मृण्मयी बेडकिहाळ प्रयोगशाळेत आली, तेव्हा तिचा सहकारी फैजान अत्तार चहाचा कप धरून एकाच रेषेकडे टक लावून बघत होता. ही रेषा इतरांसारखी चढत नव्हती. थोडी वर जाई, दाणकन खाली येई, पुन्हा वर, पुन्हा खाली.

“आपली कोंबडी,” फैजान म्हणाला. “अजून दाणे टिपतेय.”

“हिची चाचणी कधी सुरू झाली?”

“उन्हाळ्यात. सोबतीच्या इतिहासातली सगळ्यात लांबलेली चाचणी. तुझ्या अहवालातल्या वाक्यांपेक्षाही लांब.”

“माझी वाक्यं लांब नसतात.”

“छे. फक्त पूर्णविराम शोधायला दुर्बीण लागते. आणि एकदा लिहिलं की मागे वळून बघायचं नाही, अशी तू शपथच घेतलेली आहेस.”

मृण्मयी उत्तर देणार एवढ्यात तिचा फोन वाजला. आई होती. तिने फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला; आईशी बोलताना हात मोकळे असलेले बरे, हा तिचा अनुभव होता.

“मृण्मयी, त्या तुझ्या सोबत्याला आवर घाल, नाहीतर मी त्याला आडात टाकणार आहे.”

“काय झालं?”

“काय व्हायचंय? आत्ता, या क्षणी, तो मला विचारतोय, ‘नमस्कार! आपण नवीन आहात का?’ उन्हाळ्यापासून मी ह्याच्यापुढं बसतेय. काल मी नवीन होते. परवा नवीन होते. आज सकाळपासून तिसऱ्यांदा नवीन झाले. इतकी नवी तर मी लग्नातसुद्धा नव्हते!”

फैजानने हसू आवरण्यासाठी चहाचा घोट घेतला आणि तो शर्टावर सांडला.

“त्याला ‘नाही’ म्हण ना,” मृण्मयी म्हणाली.

“म्हटलं की. ‘नाही’ म्हटलं की म्हणतो, ‘हरकत नाही, चला, ओळख करून घेऊ.’ आणि सुरू होते त्याची ओळख-फेरी. हे अक्षर मोठं कसं करायचं, ते जाड कसं करायचं. मी आयुष्यभर पाठ्यपुस्तकांचं संपादन केलं, आणि हा मला परिच्छेद पाडायला शिकवतो. शेवटी म्हटलं, बाबा, विकतच घेते तुला. तर म्हणतो, ‘क्षमस्व, आपली सवय अजून पुरेशी पक्की झालेली नाही.’ पैसे नको म्हणणारा दुकानदार मी पहिल्यांदा बघितला.”

“मग काढून टाक त्याला.”

“तेही दाबलं. म्हणतो, ‘काढून कसं टाकायचं ते शिकायचंय? चला, ओळख करून घेऊ.’”

फैजानचं लक्ष पडद्याकडे गेलं. त्याने मृण्मयीला कोपराने ढोसलं. कोंबडी आत्ताच खाली आली होती.

“आई,” मृण्मयी सावकाश म्हणाली, “आता परत एकदा ‘नाही’ म्हण आणि थोडं काहीतरी लिही.”

फोनवर कळा वाजल्या. पडद्यावरची ती रेषा हळूहळू चढू लागली. मग कळा थांबल्या, काहीतरी सरकल्यासारखा आवाज झाला, पुन्हा कळा वाजल्या आणि रेषा कोसळली.

“आला मेला परत!” आई म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कोणती रेषा कुणाची हे प्रयोगशाळेत कुणालाच कळत नसे. तशी रचनाच होती. सगळ्या देशातली ती एकमेव हट्टी रेषा सांगलीतली निघावी आणि तीही स्वतःच्या घरातली, हे मृण्मयीच्या ध्यानीमनी नव्हतं.

“काकू, मी फैजान. हा घोळ मुळात तुमच्या मुलीचा आहे, हे आधी सांगून टाकतो.”

“ते मला माहीत आहे. पुढं सांग.”

“पूर्वी चाचणीला दिवसांची मुदत असायची. लोक संगणकाचं घड्याळ मागे करायचे, नाहीतर मुदत संपेपर्यंत आज्ञावली उघडायचेच नाहीत. मृण्मयी म्हणाली, दिवस मोजायचेच कशाला? सवय मोजू.”

“सवय कशी मोजतात? किलोवर?”

“अंदाजावर. तुम्ही पुढं कोणता शब्द लिहिणार, कुठे थांबणार, काय खोडणार, ह्याचे अंदाज सोबती मनातल्या मनात बांधत असतो. ते चुकतात तोवर तुम्ही नवीन. बरोबर यायला लागले, की सवय झाली. मग चाचणी संपते आणि तो पैसे मागतो.”

“पण रोजचं माणूस त्याला ओळखू येऊ नये?”

“तुझं नाव, चेहरा, आवाज ह्यातलं काहीच त्याला माहीत नाही,” मृण्मयी म्हणाली. “ते साठवायचं नाही असा कायदा आहे. तो फक्त सवयीवरून ओळखतो. आम्ही त्याला सवय-ठसा म्हणतो. बोटाच्या ठशासारखाच, माणसागणिक वेगळा. ठसा बदलला की सोबतीला वाटतं, दुसरं कुणीतरी येऊन बसलं. मग तो सगळं पुसतो आणि पहिल्यापासून सुरू करतो.”

“दुसरं कोण येऊन बसणार? मी एकटीच असते की घरात.”

आईने हे सहज म्हटलं. मृण्मयीने टेबलावरची एक टाचणी उचलून डबीत टाकली.

“तू तिथली मोठी अधिकारी ना? तुझ्या अधिकारात गप बस म्हण त्याला.”

“तसं बटणच नाही आई. ते ठेवायचं नाही, असं मीच सांगितलं होतं.”

“शाबास.”

“तोवर हातानं लिही ना.”

“हाताचं अक्षर वाचता येतंय का ह्या नाटकातल्या पोरांना? मोडी समजतात. आणि शनिवारी मला शेवटचा प्रवेश त्यांच्या हातात द्यायचाय. नाही दिला तर रविवारी कोजागिरीला आमचे सचिव शिंगटे कराओके आणणार आहेत. मी त्यांना सांगितलंय, नाटक होणार म्हणजे होणार.”

फोन बंद झाल्यावर फैजानने पडद्यावरच्या त्या रेषेकडे बोट दाखवलं. “एक सांगू? ठसा असा तुटताना आपण ह्याआधी एकदाच बघितलाय. विस्मरणाच्या रुग्णांमध्ये.”

“मला माहीत आहे,” मृण्मयी म्हणाली. तिने आधीच गाडीचं तिकीट काढायला घेतलं होतं.

*

सांगलीतल्या तारांगण वसाहतीत दर कोजागिरीला गच्चीवर मुलांचं नाटक होत असे. ते लिहायचे हेमंत आणि नीलिमा बेडकिहाळ. हेमंतसर शाळेत रसायनशास्त्र शिकवत. नीलिमाकाकू पाठ्यपुस्तकं तपासत. नाटकात धुमाकूळ सरांचा असे आणि अर्थ काकूंचा. गेल्या हिवाळ्यात सर गेले. उन्हाळ्यात वीज पडून त्यांचा जुना संगणकही जळाला, म्हणून काकूंनी हा नवा घेतला होता.

मृण्मयी पोचली तेव्हा खालच्या वाहनतळात तालीम चालली होती. पुठ्ठ्याचा मुकुट घातलेला राजा चटईवर बसला होता. प्रधान झालेली जुई शिंगटे, म्हणजे वसाहतीच्या सचिवांची नात, धावत आली आणि एका दमात ओरडली, “महाराज घात झाला, दरबारात हत्ती शिरला आहे ही चाचणी-प्रत आहे!”

“बाहेर काढा त्याला ही चाचणी-प्रत आहे!” राजा गरजला.

“आई!” मृण्मयी हसत सुटली. “हे काय?”

“छापताना दर चार ओळींनी येतं ते. पोरांनी संवाद समजून पाठ केलं. आधी मी डोक्याला हात लावला. मग ऐकता ऐकता बरं वाटायला लागलं. राजाच आहे, त्याचं राज्यसुद्धा चाचणी-प्रतच असणार की.” आईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “वाळलीस. आणि अशी डोळे बारीक करून माझ्याकडे काय बघतेस?”

“काही नाही. आज तिथी कोणती?”

“त्रयोदशी. काल काय जेवले तेही सांगू? का शाळेत पाठ केलेल्या ‘सांगलीच्या नद्या’ म्हणून दाखवू?” आई म्हणाली. “माझं डोकं ठिकाणावर आहे, मृण्मयी. तुझ्या सोबत्याचं तपास.”

वर खोलीत सगळं होतं तसं होतं. खिडकीपाशी लांब टेबल, त्याच्यामागे शेजारी शेजारी दोन खुर्च्या. डावीकडची वेताची, हातांची, बाबांची. उजवीकडची लाकडी, ताठ पाठीची, आईची. लहानपणापासून मृण्मयीने त्यांची पद्धत पाहिली होती. बाबा लिहीत सुटायचे. आई ऐकत असायची. तिला असह्य झालं की ती “पुरे!” म्हणायची, कीबोर्ड स्वतःपुढे ओढायची आणि खोडायला लागायची. तिचं खोडणं बाबांना असह्य झालं की ते “पुरे!” म्हणायचे. ‘पुरे’ म्हटल्यावर वाद घालायचा नाही, एवढा एकच नियम होता.

मृण्मयी पलंगावर बसली. गेल्या हिवाळ्यानंतर ती दोनदाच आली होती आणि दोन्ही वेळा ह्या खोलीत आली नव्हती.

“तू नेहमीसारखं लिही,” ती म्हणाली. “मी इथे आहे असं समजूच नकोस.”

आई लाकडी खुर्चीत बसली. चष्मा लावला, एक ओळ वाचली, खोडली. दुसरी वाचली, दोन शब्द खोडले, एक ठेवला. असं बराच वेळ चाललं. सोबती शांत होता. मग आईने सुस्कारा टाकला, कीबोर्ड डावीकडे सरकवला, उठली, वेताच्या खुर्चीत जाऊन बसली, चष्मा कपाळावर चढवला आणि भराभरा लिहायला लागली.

टिंग असा आवाज आला. “नमस्कार! आपण नवीन आहात का?”

“बघितलंस?”

“बघितलं,” मृण्मयी म्हणाली. “आई, तू त्या खुर्चीत का जाऊन बसलीस?”

“हत्तीचा संवाद लिहायचा होता.”

“तुझ्या खुर्चीत बसून नाही लिहिता येत?”

“माझ्या खुर्चीत हत्ती येत नाही गं,” आई ह्या प्रश्नाचंच नवल वाटल्यासारखी म्हणाली. “तिथं बसून मी नुसती खोडते. उन्हाळ्यात लिहून बघितलं होतं एकटीनं. सगळी पात्रं शहाण्यासारखी वागायला लागली. राजा वेळेवर झोपतो, प्रधान खरं बोलतो. असलं नाटक कोण बघणार? म्हणून मग इथं येऊन बसले. इथं बसलं की ह्यांना काय सुचलं असतं ते आपोआप येतं. मग तिकडं जाऊन त्यातलं निम्मं काढून टाकायचं. नेहमीसारखं.”

मृण्मयीने खिशातून फोन काढला.

*

“दोन माणसं आहेत असं धरून रेषा वेगळी काढ,” तिने फैजानला सांगितलं.

ह्याला फार वेळ लागला नाही. त्याने दोन रेषा तिच्या फोनवर पाठवल्या. दोन्ही सुरेख चढून वर सपाट झाल्या होत्या.

“कोंबडी नव्हतीच,” फैजान म्हणाला. “एकमेकांत विणलेले दोन पक्के ठसे होते. सोबती दरवेळी अर्ध्यावर पुसून टाकत होता, म्हणून एकही पुरा होत नव्हता. पहिला ठसा काकूंचा. लहान वाक्यं, सारखं खोडणं. दुसरा मात्र भलताच आहे. एकदाही मागे जात नाही. वाक्य संपत आलं की जरासा थांबतो, ओढा ओलांडायच्या आधी माणूस थांबतो तसा, आणि मग पलीकडे उडी.”

“नक्कल असेल?”

“नक्कल ठळक गोष्टींची होते. लांब वाक्यांची होईल, हत्तीची होईल. थांबण्याची कशी होणार? कोण कुठे किती थांबतं हे बघणाऱ्याला कळतच नाही, त्यामुळे नकलेत ठसा फाटतो. हा कुठेच फाटलेला नाही. इतकी वर्षं शेजारी बसून काकूंच्या हातातच उतरलंय ते.”

मृण्मयी गॅलरीत येऊन उभी राहिली. खाली मुलं पुठ्ठ्याचा हत्ती रंगवत होती.

“म्हणजे हा ठसा बाबांचा आहे?”

“तुला काय ऐकायचंय ते मला कळतंय. पण तू माझ्या जागी असतीस तर ‘हो’ म्हणाली असतीस?”

“नाही.”

“काकूंच्या मनात जे सर आहेत, त्यांचा हा ठसा. खरे सर तसेच होते का, हे पडताळायला त्यांनी स्वतः लिहिलेलं काहीतरी हवं, कळांच्या नोंदीसकट.”

“तो संगणक जळाला. छापलेली नाटकं आहेत.”

“छापलेल्या कागदावर थांबणं उमटत नाही. साक्षीदार एकच आहे, मृण्मयी, आणि ती त्यांची बायको आहे. हे सिद्ध होत नाही.”

“बरोबर आहे,” ती म्हणाली. प्रयोगशाळेत ती स्वतः दुसऱ्यांना हेच सांगत असे. “ते राहू दे. एका संगणकावर दोन ठसे चालतील अशी दुरुस्ती कर. आपण हा विचार करायला हवा होता. घरात दोन माणसं असतात, ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.”

“सकाळपर्यंत देतो. आणि तू सांगितलेली काकूंची तिथी बरोबर होती, मी पंचांग बघितलं.”

*

शनिवारी सकाळी संगणक सुरू करताच पडद्यावर निळे फुगे उडाले.

‘अभिनंदन! आपली चाचणी संपली आहे. वापरकर्ते : दोन. कृपया दोघांची वर्गणी भरा.’

मृण्मयी घाईने पुढे झाली. “आई, थांब. मी बोलते फैजानशी. तुला एकीचीच भरायला लागावी असं काहीतरी—”

“खबरदार,” आई म्हणाली. “दोघं वापरतो, दोघांची भरणार. ह्यांनी कधी कुणाचं काही फुकट घेतलंय?” आणि तिने अंगठी सारखी करत, एखादं लग्नाचं निमंत्रण स्वीकारावं अशा थाटात वर्गणी भरून टाकली. “बरं झालं. आता गप बसेल.”

तो खरंच गप बसला. आई लाकडी खुर्चीतून वेताच्या खुर्चीत गेली, वेताच्या खुर्चीतून लाकडी खुर्चीत आली, सोबतीने हूं की चूं केलं नाही. पडद्याच्या कोपऱ्यात फक्त बारीक अक्षरात कधी ‘वापरकर्ता एक’ तर कधी ‘वापरकर्ता दोन’ असं बदलत राहिलं. आईने त्या ‘वापरकर्ता दोन’कडे एकदा बघितलं आणि पदराने पडदा पुसला; धूळ नव्हती.

दुपारपर्यंत मात्र ती चिडली होती.

“आता काय झालं?”

“हत्ती अडकलाय. ह्यांचं नेहमीचंच. हत्ती दरबारात आणून सोडतात आणि दार हत्तीएवढं आहे का ते बघत नाहीत. आत कसा आला ते विचारायचं नाही म्हणे. पण बाहेर तर काढायला हवा की! शेवटचा प्रवेश आहे. माझ्या खुर्चीत बसले तर मी हत्तीच खोडायला निघाले. त्यांच्या खुर्चीत बसले तर…” ती थांबली. “ते काही बोलतच नाहीयेत.”

मृण्मयीला एक कल्पना सुचली. पैसे भरलेल्या सोबतीत पूर्वलेखनाची सोय होती. ठसा पक्का झाला, की माणूस पुढे काय लिहील ते तो आधीच लिहून दाखवत असे. तिने आईला वेताच्या खुर्चीत बसवलं आणि ती कळ दाबली. सोबतीने क्षणभर विचार केला आणि वापरकर्ता दोनच्या वतीने लिहिलं :

‘इतक्यात दुसरा हत्ती येतो.’

आई इतकी हसली, की तिला चष्मा काढावा लागला. “अगदी हेच केलं असतं त्यांनी! पहिल्या झटक्याला हेच. आणि मी ‘पुरे’ म्हटलं असतं.” तिने डोळे टिपले. “पण त्यानंतर त्यांना जे सुचायचं ना, ते कुणालाच आधी सांगता यायचं नाही. ते नाही येत मला.”

“सोबतीलाही येणार नाही,” मृण्मयी म्हणाली. “तो सवयीचं तेवढंच सांगू शकतो. कधीच सुचलं नव्हतं ते सांगायला कुणीतरी बसून लिहावं लागतं.”

“मग उद्या कराओके,” आई म्हणाली आणि पोहे करायला स्वयंपाकघरात निघून गेली. ती हरली की पोहे करत असे.

तेवढ्यात फैजानचा फोन आला. “दुरुस्ती सगळीकडे पाठवायच्या आधी एक चाचणी राहिलीय. तिसरं माणूस बसलं की ओळख-फेरी सुरू झाली पाहिजे. दोन ठसे सांभाळताना सोबती कुणालाही घरचंच समजायला लागला, तर पंचाईत. तू कधी ह्या संगणकावर लिहिलंयस?”

“कधीच नाही.”

“मग बस. पानभर काहीही लिही. तो तुला नवीन म्हणाला, की मी सुटलो.”

आईच्या खुर्चीवर हत्तीची ओली सोंड वाळत ठेवली होती. मृण्मयी क्षणभर उभी राहिली. मग तिने वेताची खुर्ची मागे ओढली आणि बसली. वेत ओळखीच्या जागी कुरकुरला.

पानभर काहीही म्हणजे काय? तिच्या डोक्यात हत्तीच होता. तिने लिहायला सुरुवात केली, की प्रधान म्हणतो महाराज दार लहान आहे, राजा म्हणतो दार मोठं करा, सुतार म्हणतो भिंत पडेल, राणी म्हणते पडू दे, आणि हत्ती बिचारा सगळ्यांचं ऐकून कंटाळतो आणि उठून उभा राहतो, आणि तो उभा राहतो तसा सगळा राजवाडाच त्याच्या पाठीवर उचलला जातो, खांबांसकट, झुंबरांसकट, आणि राजवाडा घालून हत्ती चालू लागतो, खिडक्यांतून दासी हात हलवतात, गावोगावची माणसं बघायला येतात, आणि ज्या राजाला कधी झोप येत नव्हती तो त्या डुलण्याने गाढ झोपतो, तेव्हा प्रधान ओठावर बोट ठेवून म्हणतो हळू, महाराज झोपलेत, ही चाचणी-प्रत आहे.

पान कधी संपलं ते तिला कळलं नाही.

“मृण्मयी,” फोनवर फैजान म्हणाला. “काहीतरी चुकलंय. तो तुला नवीन म्हणत नाहीये.”

तिने कोपऱ्यात बघितलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘वापरकर्ता दोन’.

“माझी दुरुस्ती फसली,” फैजान वैतागून म्हणाला. “खुर्चीत बसेल त्याला हा—”

“सोबतीला खुर्ची दिसत नाही, फैजान.”

“मग? तिथे दुसरं कुणी आहे का?”

दारात जुई उभी होती. ती सोंड वाळली का ते बघायला आली होती. मृण्मयीने तिला बोलावलं, स्वतः उठली आणि म्हणाली, “जुई, इथे बस आणि तुझे संवाद लिही बरं.”

जुई वेताच्या खुर्चीत बसली, एका बोटाने अक्षर शोधत ‘महाराज घात’ एवढंच लिहिते न लिहिते तोच टिंग असा आवाज आला.

‘नमस्कार! आपण नवीन आहात का?’

“हो!” जुई खुशीत ओरडली. ओळख-फेरीवर खूश झालेली ती पहिलीच वापरकर्ती असावी.

फोनवर कळा भराभर वाजल्या. मग फैजान म्हणाला, “दुरुस्ती बरोबर आहे.”

“हो.”

“तू ह्या संगणकाला कधी हात लावला नव्हतास. काकू लिहीत होत्या तेव्हा तू पुण्यात होतीस.”

“हो.”

“दुर्बीण घेऊन पूर्णविराम शोधत होतो मी इतकी वर्षं,” तो म्हणाला. “तुला दुसरा साक्षीदार हवा होता ना, मृण्मयी? काकूंनी ठसा दिला एका बाजूने, तू दिलास दुसऱ्या बाजूने. दोन्ही जुळले. आता मी ‘हो’ म्हणू शकतो. सर असेच लिहायचे.”

मृण्मयी खिडकीबाहेर बघत होती. लहानपणापासून सगळे तिला आईसारखी म्हणत आले होते. नाक, चाल, बोलणं, सगळं. वेताच्या खुर्चीच्या हातावर बसून, बाबांच्या बोटांकडे बघत ती लिहायला शिकली होती, हे कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. तिच्याही.

“चाचणीच्या निकालात काय लिहू?” फैजानने विचारलं. “तिसरा वापरकर्ता ओळखला नाही, असं?”

“लिही, की ओळखला.”

जुई सोंड घेऊन पळाली. मृण्मयी पुन्हा वेताच्या खुर्चीत बसली. सोबतीने काहीही विचारलं नाही. आई पोह्यांची ताटली घेऊन आली, लाकडी खुर्चीत बसली आणि पडद्यावर काय आहे ते वाचू लागली. राजवाडा हत्तीच्या पाठीवर चढला तिथे तिचे ओठ हलले. दासींनी हात हलवले तिथे ती हसली. मग तिची नजर कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर गेली. ती वाचून तिने मुलीकडे बघितलं, हातातली ताटली तिच्यापुढे ठेवली आणि पोह्यांवर आणखी थोडं खोबरं घातलं.

“अजून आहे पुढे,” मृण्मयी म्हणाली. “राजवाडा चालत चालत समुद्राकाठी जातो आणि—”

“पुरे!” आई म्हणाली.

मृण्मयीने वाद घातला नाही. तिने कीबोर्ड उजवीकडे सरकवला. आईने चष्मा लावला, पहिली ओळ वाचली, एक ‘आणि’ खोडला, दुसराही खोडला, आणि कोपऱ्यातली अक्षरं, कुणालाही काहीही न विचारता, ‘वापरकर्ता एक’ झाली.